जनुकांतला दोष वारशाने येतो का, आणि केमोथेरपी त्यावर नेमके काय करते?

आपण दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडते, कारण पुढचे उत्तर तिच्यावरच उभे आहे. आपल्या आई ४४ वर्षांच्या असून सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळण्याचे काम करतात. त्यांच्या डाव्या स्तनातील तीन सेंटिमीटरची गाठ शस्त्रक्रिया करून काढली आहे, काखेतील दोन ग्रंथींमध्ये रोग सापडला आहे आणि आता केमोथेरपीच्या आठ सायकली, म्हणजे ठरावीक अंतराने द्यायच्या औषधाच्या आठ फेऱ्या, सांगितल्या आहेत. आपल्या मावशी काही वर्षांपूर्वी ‘पोटाच्या कॅन्सरने’ गेल्या. कर्करोग जनुकांतील दोषामुळे होतो असे आपल्या वाचनात आले आणि त्यातून तीन प्रश्न पडले. हा दोष आपल्यात आणि आपल्या २२ वर्षांच्या बहिणीत उतरला असेल का? दोष जनुकातच असेल तर सलाईनमधून दिलेले औषध तो कसा घालवणार? आणि गाठ काढून झाल्यावर केमोथेरपीची गरजच काय? नात्यातील काही जण ‘केमोनेच माणूस जातो’ असे सांगत असल्यामुळे आई पहिल्या सायकलीलाच तयार नाहीत, आणि बहिणीच्या लग्नाचे बघत असल्याने घरात वेगळीच चिंता आहे, हेही आपण लिहिले आहे.

मी सोलापुरात कर्करोगाच्या औषधोपचाराचे काम करते, आणि हे तीन प्रश्न मला बहुतेक कुटुंबांकडून एकत्रच ऐकायला मिळतात. त्यांच्या मुळाशी अशी समजूत असते की जनुकातला दोष म्हणजे जन्मापासून साऱ्या शरीरात असलेला आणि म्हणून औषधाला न जुमानणारा दोष. बहुतांश रुग्णांच्या बाबतीत ही समजूत चुकीची ठरते. कर्करोगाला कारण होणारे जनुकीय बदल बहुधा आयुष्याच्या ओघात, एखाद्याच पेशीत घडलेले असतात. आणि केमोथेरपी ही जनुके दुरुस्त करत नाही, तसा तिचा हेतूही नसतो. जनुके बिघडल्यामुळे कर्करोगाच्या पेशीत जी दुर्बलता आलेली असते, तिच्यावर ती घाव घालते. आपल्या कुटुंबाच्या बाबतीत मात्र वारशाची शंका खरोखर घेण्यासारखी आहे, आणि ती खरी ठरली तर तिचा संबंध आईच्या उपचाराशीही पोहोचतो. म्हणून दोन्ही बाजू सविस्तर लिहिते.

आधी एक मर्यादा सांगायला हवी. आईच्या गाठीचा पॅथॉलॉजी अहवाल आपण पाठवलेला नाही. त्यात ईआर, पीआर (गाठीच्या पेशींत हार्मोन पकडणारी प्रथिने आहेत का) आणि हर-२ (वाढीचा आदेश घेणारे एक प्रथिन जास्त आहे का) अशा तीन चाचण्यांचे निकाल असतात आणि पुढील औषधे पुष्कळशी त्यांच्यावर ठरतात. त्यामुळे कोणते औषध किती द्यावे हे मी येथून सांगणार नाही. ते काम आईला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचे आहे.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, निम्मी आईकडून आणि निम्मी वडिलांकडून आलेली. त्यांतील डीएनएच्या एका प्रतीत सुमारे ३०० कोटी रासायनिक अक्षरे असतात आणि प्रथिने बनवणारी सुमारे २० हजार जनुके त्यांत विखुरलेली असतात. पेशीचे विभाजन होताना ही सारी अक्षरे नव्याने उतरवली जातात. उतरवताना चुका होतातच. त्यांतील बहुतेक पेशीतील दुरुस्ती यंत्रणा लगेच सुधारते, क्वचित एखादी राहून जाते. अशी राहिलेली चूक बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. ती मोजक्या महत्त्वाच्या जनुकांत पडली तर मात्र अर्थ बदलतो. त्यांतील काही जनुके पेशीला विभाजनाचा आदेश देतात. रास, मिक आणि हर-२ ही त्यांची उदाहरणे, आणि ती बिघडली की आदेश थांबतच नाही. काही जनुके विभाजन रोखतात किंवा डीएनए फारच बिघडला असेल तर पेशीला स्वतःहून मरण्यास लावतात. आरबी आणि पी५३ या गटातली आहेत, आणि माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत पी५३ बिघडलेले आढळते. तिसऱ्या गटातील जनुके दुरुस्तीचे काम करतात, त्यांत बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ येतात.

एका चुकीने कर्करोग होत नाही. एकाच पेशीच्या वंशात अशा अनेक चुका वर्षानुवर्षे साठत जाव्या लागतात, आणि वय वाढेल तसा हा रोग अधिक आढळतो त्याचे हेच मुख्य कारण आहे. १९७१ साली अल्फ्रेड नुडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाचा अभ्यास करताना दाखवून दिले की विभाजन रोखणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात. ज्या मुलांना एक निकामी प्रत जन्मतःच मिळालेली असते त्यांच्यात दुसरी बिघडायला फार काळ लागत नाही, म्हणून त्यांना तो रोग लवकर आणि अनेकदा दोन्ही डोळ्यांत होतो. वारशाने येणाऱ्या कर्करोगांचा विचार आजही याच रीतीने केला जातो.

आपल्या गावात हे जॅकार्ड मागावरून चटकन समजते. चादरीची नक्षी छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या संचावर ठरते. ज्या मूळ संचावरून बाकीचे संच तयार केले त्यातच एक छिद्र चुकले असेल, तर प्रत्येक मागावर ती चूक उमटते. एखाद्या मागावर काम चालू असताना कार्ड फाटले, तर चूक त्या मागापुरती राहते. बहुतेक कर्करोग दुसऱ्या प्रकारचे असतात. आईच्या स्तनातील एका पेशीत वयाच्या पस्तिसाव्या वर्षी झालेला बदल त्यांच्या बीजांडांत नसतो, त्यामुळे तो मुलांकडे येऊ शकत नाही. एकूण कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्के कर्करोगांतच जन्मतः मिळालेला सदोष बदल हे मुख्य कारण असते.

बाकीच्या बदलांपैकी काही निव्वळ उतरवण्यातल्या चुकांमुळे होतात आणि काहींना आपण कारण पुरवतो. आपल्या जिल्ह्यात मिशरी, मावा आणि तंबाखू यांचा वापर किती आहे हे आपणास ठाऊकच आहे. तंबाखूतील नायट्रोसअमाइन ही रसायने शरीरात गेल्यावर डीएनएला चिकटतात आणि त्यामुळे अक्षरे चुकीची उतरवली जातात. तोंडाचा कर्करोग आपल्याकडे इतका का दिसतो याचे उत्तर येथेच आहे. पण आपल्या आईचा स्तनाचा कर्करोग विड्या वळल्यामुळे झाला, असे मी म्हणणार नाही. एका व्यक्तीच्या बाबतीत तसे ठरवता येत नाही, आणि त्यांना तसे सांगून अपराधी वाटायला लावणे अन्यायाचे होईल. त्या मिशरी लावत असतील तर ती आता पूर्ण बंद व्हायला हवी, एवढे मात्र ठामपणे सांगते. केमोथेरपीच्या काळात तोंडाची आतली त्वचा आधीच हळवी होते.

आता वारशाकडे येते. आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य मावशींविषयीचे आहे. ‘पोटाचा कॅन्सर’ या शब्दांत आपल्याकडे जठर, आतडे, यकृत, गर्भाशय आणि अंडाशय असे सारेच अवयव येतात. मी अशा वेळी विचारते की पोटात पाणी झाले होते का, ते सुईने काढले होते का, स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासले होते का. उत्तर होकारार्थी आले तर अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता मनात येते, कारण तो बहुधा पोटात पाणी होऊन, उशिराच लक्षात येतो. स्तनाचा कर्करोग पन्नाशीच्या आत आणि त्याच घरात सख्ख्या बहिणीला अंडाशयाचा कर्करोग, ही जोडी दिसली की बीआरसीए जनुकांची तपासणी सुचवणे मला कर्तव्य वाटते. आईच्या गाठीत ईआर, पीआर आणि हर-२ ही तिन्ही नकारात्मक असतील तर तपासणीचे कारण आणखी बळकट होते. किंबहुना आईचे वय ४४ आहे एवढ्यावरूनही ती सुचवता येते.

उलट, मावशींना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला असेल तर विचाराची दिशाच बदलते. तो जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ राहिलेल्या संसर्गातून होतो. हा विषाणू आपल्या दोन प्रथिनांनी पेशीतील पी५३ आणि आरबी यांचे काम बंद पाडतो, म्हणजे वर सांगितलेले विभाजन रोखणारे पहारेच उठवतो. तो वारसा नव्हे. तो तपासणीने आणि लसीने टाळता येण्यासारखा रोग आहे. याचा एक मोठा पुरावा आपल्याच परिसरातून जगापुढे गेला, याचे मला फार मोल वाटते. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक निरोगी स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गटात एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केली गेली त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू, चाचणी न दिलेल्या गटाच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आले. आपल्या घरातील तिशीपुढच्या स्त्रियांसाठी ही चाचणी वेगळी लक्षात ठेवा.

तेव्हा पहिले काम म्हणजे मावशींची जुनी फाईल शोधणे. ती त्यांच्या सासरी कपाटात असेल, नाहीतर जेथे उपचार झाले त्या रुग्णालयाच्या नोंदींत. बायोप्सीच्या अहवालाचा एक कागद मिळाला तरी पुष्कळ झाले. त्यासोबत वडिलांच्या बाजूचीही चौकशी करा. बीआरसीएचा दोष पुरुषांतूनही पुढच्या पिढीत जातो, त्यामुळे आत्या आणि आजी यांच्या आजारांना मामा-मावशींच्या आजारांइतकेच महत्त्व आहे, आणि ही गोष्ट कुटुंबे जवळजवळ नेहमी विसरतात.

जनुकीय तपासणी प्रथम आईची करायची असते, आपली किंवा बहिणीची नव्हे. ज्या व्यक्तीला रोग झाला आहे तिच्या रक्तात दोष सापडला, तरच तो नेमका बदल इतरांत शोधता येतो. आईत दोष सापडला तर आपल्या आणि बहिणीच्या बाबतीत तो उतरला असण्याची शक्यता प्रत्येकी ५० टक्के असते, आणि तपासल्यावर ज्याच्यात तो नसेल त्याचा धोका सर्वसामान्य माणसाइतकाच राहतो. आईत सापडला नाही तर वारशाची शंका बरीच कमी होते, पूर्ण संपत नाही. कधी कधी अहवालात ज्याचा अर्थ अद्याप ठरलेला नाही असा बदल दिसतो. अशा बदलाच्या आधारे कोणतीही शस्त्रक्रिया किंवा मोठा निर्णय करू नये, हे मी आग्रहाने सांगते, कारण असे बदल पुढे बहुतेक वेळा निरुपद्रवी ठरतात. तपासणीआधी आणि नंतर समुपदेशन घ्यावे. नुसता अहवाल हातात पडला तर घर विनाकारण हादरते.

आता केमोथेरपी. गाठ काढून झाली तरी ती का, याचे उत्तर काखेतील त्या दोन ग्रंथी देतात. कर्करोगाच्या पेशी मूळ जागा सोडून प्रवास करू शकल्या, याची ती खूण आहे, आणि ज्या पेशी काखेपर्यंत पोहोचल्या त्यांतल्या काही रक्तावाटे फुफ्फुस, यकृत किंवा हाडांत जाऊन बसल्या असण्याची शक्यता असते. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण १०० कोटी पेशी असतात. एका पेशीपासून तेथवर पोहोचायला सुमारे ३० वेळा दुप्पट व्हावे लागते. म्हणजे स्कॅनवर किंवा हाताला काहीही लागत नसताना लाखो पेशी शरीरात असू शकतात. शस्त्रक्रिया दिसणारा रोग काढते. न दिसणाऱ्यासाठी रक्तावाटे सर्वत्र पोहोचणारे औषधच लागते. इटलीतील मिलान येथील जानी बोनादोना यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काखेत रोग पोहोचलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची केमोथेरपी दिल्याने रोग उलटण्याचे प्रमाण कमी होते हे दिसले, आणि पुढे जगभरातील हजारो स्त्रियांच्या माहितीने त्याला दुजोरा मिळाला. आईला वैयक्तिक फायदा किती होईल हे गाठीच्या प्रकारावर अवलंबून आहे. तिन्ही चाचण्या नकारात्मक असतील तर तो मोठा असतो. ईआर सकारात्मक असेल तर हार्मोनविरोधी गोळ्यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

एका सायकलीत सगळ्या पेशी मरत नाहीत. ठरावीक संख्या मरते असे नसून ठरावीक प्रमाण मरते. उदाहरणापुरते समजा की दहा लाख पेशी उरल्या आहेत आणि प्रत्येक वेळी दहापैकी नऊ मरतात. पहिल्या सायकलीनंतर एक लाख राहतील, दुसऱ्यानंतर दहा हजार, आणि सहाव्यानंतर एखादी. म्हणून ‘दोन सायकलींनंतर बरे वाटतेय, आता पुरे’ असे म्हणणाऱ्या कुटुंबाला मी परत परत समजावते. बरे वाटणे आणि पेशी संपणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता औषध पेशीच्या आत काय करते ते पाहू. स्तनाच्या कर्करोगात बहुधा आधी लाल रंगाचे औषध आणि सायक्लोफॉस्फामाइड ही जोडी, आणि नंतर पॅक्लिटॅक्सेल देतात. आईच्या आठ सायकलींचा आराखडा तसाच दिसतो. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. ते डीएनएच्या दोन धाग्यांच्या मध्ये शिरते आणि डीएनएचा पीळ सोडवणारे विकर (एन्झाइम) अडवते, त्यामुळे डीएनए जागोजागी तुटतो. सायक्लोफॉस्फामाइड डीएनएचे दोन धागे एकमेकांना जोडून टाकते, मग ते वेगळे होऊन नवी प्रत निघू शकत नाही. पॅक्लिटॅक्सेल डीएनएला हात लावत नाही; विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेणारे सूक्ष्म तंतू ते गोठवते आणि पेशी अर्ध्या विभाजनात अडकून मरते. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन याच तंतूंवर काम करते, पण ते तंतू तयारच होऊ देत नाही. येथे एक कळकळीची विनंती आहे: हे ऐकून कोणी आईला सदाफुलीची पाने किंवा काढा देऊ नये. औषधातील घटक शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून दिलेला असतो. पानांतून किती आणि काय पोटात जाते याचा काहीच भरवसा नसतो, आणि केमोथेरपी चालू असताना ते धोक्याचे ठरते.

‘केमोथेरपी वेगाने वाढणाऱ्या पेशी मारते’ असे सर्वत्र लिहिलेले असते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. अस्थिमज्जेतील (हाडांच्या आत जेथे रक्त तयार होते तेथील), आतड्याच्या अस्तरातील आणि केसांच्या मुळातील आपल्या निरोगी पेशी कित्येक गाठींपेक्षा अधिक वेगाने वाढतात. तेवढेच कारण असते तर रुग्ण आधी आणि गाठ नंतर गेली असती. खरा फरक घाव बसल्यानंतरच्या वागण्यात आहे. निरोगी पेशीचा डीएनए तुटला की पी५३सारखी जनुके विभाजन थांबवतात, दुरुस्ती होऊ देतात आणि मगच पुढे जाऊ देतात. शिवाय अस्थिमज्जेतील मूळ पेशींपैकी बऱ्याचशा विश्रांतीत असतात, म्हणून त्या वाचतात आणि दोन-तीन आठवड्यांत रक्त पुन्हा भरून काढतात. कर्करोगाच्या पेशीने थांबण्याची आणि दुरुस्तीची व्यवस्था गमावल्यामुळेच ती कर्करोगाची पेशी झालेली असते. ती तुटलेल्या डीएनएसह विभाजनात शिरते आणि तेथे कोसळते. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे: दोष दूर करावा लागत नाही, त्या दोषामुळेच औषधाचा घाव जिव्हारी लागतो.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. काही गाठींत स्वतःहून मरण्याची व्यवस्थाच नष्ट झालेली असते आणि डीएनए तुटूनही पेशी मरत नाही. वृषणाच्या कर्करोगात पी५३ बहुधा शाबूत असते आणि तो रोग पसरलेला असतानाही सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाने पुष्कळदा पूर्ण बरा होतो. पी५३ बिघडलेल्या अनेक गाठी तितक्या सहज दाद देत नाहीत. शिवाय लाखो पेशींमध्ये एखादी पेशी आधीपासूनच औषधाला न जुमानणारी असू शकते. एकाऐवजी वेगवेगळ्या मार्गांनी मारणारी दोन-तीन औषधे देण्यामागे हाच विचार आहे, कारण एकाच पेशीत सगळ्यांविरुद्धचे बदल असण्याची शक्यता फार कमी असते.

या औषधांच्या इतिहासात आपल्याकडची माणसे आहेत, आणि पूर्व भागातील तेलुगुभाषक कुटुंबांना मी हे आवर्जून सांगते. लुसी विल्स या डॉक्टर १९२८नंतर मुंबईत आल्या आणि गिरणी कामगार गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी दाखवले, आणि त्यातील घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत होते. त्यांच्या चमूने फॉलिक अॅसिडसारखे दिसणारे पण त्याचे काम अडवणारे पदार्थ तयार केले. फॉलिक अॅसिडशिवाय डीएनएची नवी अक्षरे बनत नाहीत. सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये त्यांतील अमिनोप्टेरिन रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिले आणि १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात १६ पैकी १० मुलांचा आजार काही काळ मागे हटल्याचे नोंदवले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही रोजच्या वापरात आहे, आणि बोनादोना यांच्या तीन औषधांतही ते होते.

आता वारसा आणि उपचार कोठे भेटतात ते पाहा. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ यांच्या दोन्ही प्रती गमावलेली पेशी डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यावर अचूक दुरुस्ती करू शकत नाही. अशा गाठींवर सिस्प्लॅटिन आणि कार्बोप्लॅटिन चांगले काम करतात. त्यापुढे, अशा पेशी ज्या दुसऱ्या दुरुस्ती मार्गावर टिकून असतात तो पार्प नावाच्या विकराचा मार्ग बंद केला तर त्या मरतात, आणि ज्यांच्यात एक प्रत शाबूत आहे अशा निरोगी पेशी तगून राहतात, हे २००५ साली प्रयोगांतून दिसले. त्यातून ओलॅपॅरिबसारख्या गोळ्या आल्या. रोग उलटण्याचा धोका जास्त असलेल्या, हर-२ नकारात्मक आणि बीआरसीए दोष असलेल्या स्त्रियांना केमोथेरपीनंतर वर्षभर ही गोळी दिल्याने फायदा होतो, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. म्हणून आईची तपासणी केवळ मुलांच्या भवितव्यासाठी नसून आईच्या स्वतःच्या उपचारासाठीही आहे. अहवालाची वाट पाहत केमोथेरपी मात्र थांबवू नका. ती चालू असताना तपासणी होऊ शकते.

‘केमोनेच माणूस जातो’ या म्हणण्यामागे काही कुटुंबांचा खरा अनुभव असतो. रोग शेवटच्या टप्प्यात असताना आलेल्या रुग्णाला केमोथेरपी दिली आणि तो गेला, तर लोकांच्या लक्षात औषधच राहते. आपल्या आईची स्थिती तशी नाही. केमोथेरपीमुळे होणाऱ्या मृत्यूचा धोका त्यांच्यासारख्या रुग्णात फार कमी असतो, पण शून्य नसतो, आणि तो मुख्यतः पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना झालेल्या जंतुसंसर्गामुळे येतो. औषध दिल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत या पेशी सर्वांत कमी असतात. या काळात ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर पॅरासिटॅमॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी थेट रुग्णालय गाठा आणि ‘केमो चालू आहे’ हे पहिले वाक्य सांगा. घरात थर्मामीटर हवाच. ही एक सूचना पाळली तर मला वाटणारी बरीच काळजी मिटते.

बाकीचे त्रास बहुतांशी तात्पुरते असतात. केस दोन-तीन आठवड्यांत गळतात आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत परत येतात. लाल औषधामुळे लघवी एक-दोन दिवस लालसर होते, ते रक्त नव्हे. हे औषध हृदयावर परिणाम करू शकते म्हणून आधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. सायक्लोफॉस्फामाइडच्या दिवशी भरपूर पाणी प्यावे, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तर उलट्या सुरू झाल्या तर दिवसभरात शरीर कोरडे पडते हे ध्यानात ठेवावे. पॅक्लिटॅक्सेलने हातापायांना मुंग्या येतात. विड्या वळणाऱ्या स्त्रीची रोजी बोटांवर असल्याने ही तक्रार त्यांनी अंगावर काढू नये, लवकर सांगावी, म्हणजे मात्रा बदलण्याचा विचार करता येतो. तोंड आले असेल त्या दिवसांत कडक भाकरी आणि शेंगाचटणी बाजूला ठेवून दुधात कुस्करलेली मऊ भाकरी, मुगाची खिचडी, अंडे असे द्या. या औषधांनी डीएनएवर घाव होत असल्याने पुढे रक्ताचा कर्करोग होण्याचा धोकाही असतो, पण तो शंभरात एकाहून कमी असतो आणि मिळणारा फायदा त्याहून बराच मोठा असतो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केमोथेरपीचा समावेश आहे. ती कोणत्या रुग्णालयात लागू आहे हे तेथील आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्या.

राहिला बहिणीच्या लग्नाचा प्रश्न. आईच्या केमोथेरपीचा आपल्या दोघांच्या जनुकांवर काहीही परिणाम होत नाही, आणि हा रोग एका ताटात जेवल्याने पसरत नाही. आईत बीआरसीए दोष सापडला आणि बहिणीतही तो असला, तरी तिला कर्करोग झाला आहे असा त्याचा अर्थ नाही. हा दोष असलेल्या स्त्रियांपैकी वयाच्या ८० वर्षांपर्यंत सुमारे ७० टक्के स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो, हा धोका मोठा आहे हे खरे. पण तो आधी कळल्यामुळे पंचविशीपासून दरवर्षी स्तनाचा एमआरआय, तिशीपासून मॅमोग्राम, आणि मुले झाल्यावर योग्य वयात अंडाशय काढण्याचा विचार, असे मार्ग तिच्यासाठी खुले होतात. लग्न आणि मातृत्व यांना त्याने अडथळा येत नाही. तपासणी करावी की नाही आणि केव्हा करावी हा निर्णय तिचा आहे. स्थळ पाहायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी ती कोणी तिच्यावर लादू नये. आणि आपणही तपासणी करून घेण्याचा विचार करा, कारण बीआरसीए-२चा दोष पुरुषांत प्रोस्टेट आणि स्तन यांच्या कर्करोगाचा धोका वाढवतो आणि तो आपल्या मुलींकडेही जाऊ शकतो. सध्या मात्र क्रम असा ठेवा की आईची पहिली सायकल ठरल्या तारखेला सुरू व्हावी, आणि दुसऱ्या सायकलीला येताना मावशींचा कागद व आईचा पॅथॉलॉजी अहवाल डॉक्टरांसमोर ठेवून बीआरसीए तपासणीविषयी विचारावे.